चेखवचे कुत्रे आणि इतर प्रेमप्रकरणं

लोमोव नावाचा पस्तिशीचा जमीनदार ठेवणीतला कोट आणि पांढरे हातमोजे चढवून शेजाऱ्याच्या घरी येतो. मुलगी मागायची आहे. छाती धडधडते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आता लग्न केलं नाही तर राहूनच जाईल, असा त्याचा रोकडा हिशेब. मुलगी तयार आहे, बाप तर एका पायावर तयार आहे. आपल्याकडे एवढ्यात सुपारी फुटून पेढे वाटून झाले असते. पण आधी एका कुरणाच्या मालकीवरून वाजतं. ते कसंबसं मिटतं न मिटतं तोच विषय निघतो कुत्र्यांचा. लोमोवचा उगादाय सरस की मुलीच्या वडिलांचा ओतकाताय? उगादायला सव्वाशे रूबल मोजलेत. ओतकाताय पंच्याऐंशीत आलाय आणि तरी शंभरपट चांगला आहे, असं मुलगी ठणकावते. लोमोव म्हणतो, त्याचा खालचा जबडा आखूड आहे. झालं! कुत्र्याच्या जबड्यापायी नवरदेव घामाघूम होतो, पाय बधिर होतो, शेवटी खुर्चीत कोसळतो. मेला म्हणून रडारड. तो डोळे उघडतो तेव्हा बाप घाईघाईने मुलीचा हात त्याच्या हातात देऊन टाकतो, आणि आशीर्वाद हवेत असतानाच नवरा-नवरी पुन्हा उगादायवर घसरतात. बाप शँपेन मागवतो. दुसरं काय करणार?

अंतोन चेखवने ही एकांकिका १८८८ साली लिहिली. पुढच्या वर्षी खुद्द झार तिसऱ्या अलेक्झांडरसमोर तिचा प्रयोग झाला आणि ती त्याला आवडली. आज ती सीबीएसईच्या दहावीच्या इंग्रजीच्या पुस्तकात आहे. म्हणजे नागपूरपासून कोल्हापूरपर्यंत कितीतरी मुलं-मुली बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर लग्न कसं जमतं याचा धडा या कुत्र्यांच्या भांडणातून घेतात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना हे लक्षात आलेलं नसावं, हे बरंच आहे.

चेखवच्या माणसांना प्रेमाबद्दल धड बोलता येत नाही, कुत्र्याबद्दल मात्र भरभरून बोलता येतं. छोट्या गावात हे जास्तच. तिथे कोण कोणाशी बोललं याची नोंद चारचौघांच्या डोळ्यांत होत असते. बाईशी बोलायला कारण लागतं, तिच्या कुत्र्याशी बोलायला लागत नाही. आपल्याकडेही कॉलन्यांतून पांढऱ्याशुभ्र पामेरियनची चलती होती, 'कुत्र्यापासून सावध रहा' ही पाटी कुत्र्याच्या तिप्पट मोठी असायची, आणि संध्याकाळी त्या पामेरियनला फिरवायला नेमकं कोण बाहेर पडतं यावर गल्लीतल्या तरुणांचं वेळापत्रक ठरायचं.

त्याच पामेरियनच्या जातकुळीतला एक पांढरा स्पिट्झ याल्टाच्या समुद्रकाठी फिरतो. काळ्या समुद्रावरचं हे हवा खायला येणाऱ्यांचं गाव. गोष्ट १८९९च्या डिसेंबरात छापून आलेली, नाव 'कुत्रेवाली बाई'. गावात नवी बाई आली आहे, पण तिचं नाव-गाव कोणी विचारत नाही, ओळख काय ती कुत्र्यावरून. मॉस्कोहून आलेला गुरोव, चाळिशीच्या आतला, घरी बायको-मुलं, बायकांच्या बाबतीत पुरेसा अनुभवी. हा तिच्याशी ओळख कशी काढतो? शेजारच्या टेबलाशी बसलेल्या कुत्र्याला हळूच बोलावतो. कुत्रा जवळ आला की त्यालाच बोट दाखवून दटावतो. कुत्रा गुरगुरतो. गुरोव पुन्हा बोट दाखवतो. बाई लाजून सांगते, चावत नाही तो. मग हा विचारतो, हाडूक दिलं तर चालेल का? बास, ओळख झाली! कुत्र्याला दम देऊन त्याच्या मालकिणीची ओळख काढणं ही युक्ती साताऱ्यात किंवा चिपळूणलाही तितकीच चालेल. फक्त हाडकाच्या प्रश्नाआधी घर शाकाहारी आहे का ते बघावं लागेल.

एकदा ओळख झाली की कुत्र्याचं काम संपलं. पुढच्या पानांत तो जवळजवळ गायब होतो. मग सुट्टी सरते, दोघं आपापल्या गावी जातात, आणि गुरोवच्या लक्षात येतं की हे प्रकरण नेहमीसारखं विसरलं जात नाहीये. तो थेट तिच्या गावी धडकतो. लहानसं गाव, तिच्या घरासमोर खिळे ठोकलेलं लांबच लांब राखाडी कुंपण. हा त्याच्यासमोर येरझारा घालतोय. दार उघडतं. बाहेर येते एक म्हातारी, आणि तिच्यामागे तोच स्पिट्झ! आता एक हाक मारली की काम फत्ते. पण छातीत अशी काही धडधड सुरू होते की गुरोवला कुत्र्याचं नावच आठवत नाही.

इतका मोठा प्रियकर, आणि मध्यस्थाचं नाव विसरला. गंमत म्हणजे ते नाव वाचकालाही शेवटपर्यंत कळत नाही. सगळी गोष्ट ज्याच्या जिवावर सुरू झाली, ज्याच्या नावाने ती जगभर ओळखली जाते, त्याला लेखकाने नाव दिलं नाही. टॉलस्टॉयने गोष्ट वाचून डायरीत नाराजी नोंदवली, पण ती प्रेमिकांच्या वागण्यावर. कुत्र्याची बाजू त्यानेही घेतली नाही. याल्टाने मात्र पुढे उशिरा का होईना, समुद्राकाठच्या रस्त्यावर चेखव, ती बाई आणि कुत्रा यांचे ब्राँझचे पुतळे उभे केले.

चेखवने कागदावरच्या या कुत्र्याला नाव दिलं नाही, पण घरी नावं देताना त्याने हात आखडता घेतला नाही. मॉस्कोच्या दक्षिणेला मेलिखवोची जमीनजुमल्यासह वाडी त्याने १८९२ साली घेतली, आणि पुढच्या वर्षी दोन डॅशहुंड पिल्लं तिथे आली. ती पाठवली लेयकिनने. हा विनोदी साप्ताहिकाचा संपादक. तरुणपणी चेखव त्याच्याकडे टोपणनावाने लिहायचा. पिल्लांची नावं ठेवली ब्रोम आणि खिना, म्हणजे ब्रोमाइड आणि क्विनाइन. डॉक्टरच्या घरी आणखी कोणती नावं सुचणार? त्यावर रशियन रिवाजाप्रमाणे बापाची नावंही जोडली: ब्रोम इसायेविच आणि खिना मार्कोव्ना. लेयकिनला पाठवलेल्या पत्रात त्याने दोघांची स्वभावचित्रं रेखाटली. ब्रोम चपळ, लवचीक, शिष्टाचारी आणि हळवा. खिना बेढब, लठ्ठ, आळशी आणि कावेबाज. स्थळाची माहिती कळवावी तशा तपशिलात!

भावाने लिहून ठेवलंय की रोज संध्याकाळी खिना येऊन चेखवच्या गुडघ्यावर पुढचे दोन पाय ठेवायची आणि दीनवाण्या डोळ्यांनी बघत राहायची. लगेच तो चेहरा पाडून, थरथरत्या म्हाताऱ्या आवाजात तिची विचारपूस सुरू करायचा, हॉस्पिटलात दाखल व्हायचा सल्ला द्यायचा. हा संवाद अर्धा अर्धा तास चाले आणि घरातले हसून लोळत. मग ब्रोमचा नंबर.

इथे एक गोष्ट नोंदवायला हवी. याच मेलिखवोत लिका मिझिनोवा यायची. बहिणीची मैत्रीण, देखणी, चेखववर जीव असलेली. दोघांची पत्रं थट्टामस्करीने भरलेली, वर्षानुवर्षं. खिनाच्या तब्येतीवर अर्धा तास गंभीरपणे बोलणारा हा गृहस्थ लिकाशी गंभीरपणे बोलायची वेळ आली की विनोद करायचा. ती शेवटी पोतापेन्को या दुसऱ्या, विवाहित लेखकाच्या नादी लागली, त्यात तिचं दुःखच झालं, आणि त्या दुःखातून चेखवला 'सीगल' नाटकाचा ऐवज मिळाला. या हिशेबात तो फायद्यात राहिला, हे सांगताना त्याचे भक्तही जरा घुटमळतात.

ब्रोम-खिनाचा वंश मात्र दूरवर गेला. त्यांचा एक नातू नाबोकोव कुटुंबाकडे आला. क्रांतीनंतर ती मंडळी देशोधडीला लागली, कुत्रा त्यांच्यासोबत. १९३० साली प्राग शहरात लेखक नाबोकोवच्या विधवा आईजवळ हा म्हातारा निर्वासित ढगळ कोट घालून लुटुलुटु चालत होता, असं नाबोकोवने आठवणींत लिहिलंय.

नव्याने सुरुवात करण्याच्या प्रकाराबद्दल चेखवच्या कुत्र्यांचं मत फारसं चांगलं नसावं. १८८७ची 'कश्तांका' ही गोष्ट पाहा. निम्मी डॅशहुंड, निम्मी गावठी अशी ही कुत्री दारूड्या सुताराच्या घरची. ती हरवते आणि सर्कशीतल्या एका प्रेमळ विदूषकाकडे पोचते. पोटभर जेवण, सोबतीला हंस आणि मांजर, शिकवणी, नवं नाव. सुताराच्या घरी शिव्या होत्या. त्याचा पोरगा मांसाचा तुकडा दोऱ्याला बांधून तिला गिळायला लावायचा आणि मग ओढून काढायचा. कोणताही समुपदेशक म्हणेल, आता मागे वळून पाहू नकोस. पहिल्याच खेळाला गॅलरीतून जुनी हाक आली आणि कश्तांका आनंदाने थेट सुताराकडे पळाली.

खुद्द चेखवची नवी सुरुवात क्षयाने ठरवली. १८९८ साली वडील गेले, डॉक्टरांनी दक्षिणेची हवा सांगितली, मेलिखवो विकलं आणि १८९९ साली तो याल्टाजवळच्या नव्या घरात राहायला गेला. गावाला तो गरम सैबेरिया म्हणायचा. आदल्याच वर्षी मॉस्कोत नाटकाच्या तालमीला नटी ओल्गा क्निप्पर भेटली होती. ती मॉस्कोच्या रंगभूमीवर, हा याल्टाच्या समुद्राकाठी. घरी आवताण न देता आलेले दोन गावठी कुत्रे, तुझिक आणि कश्तान. एकदा कश्तानच्या पायावरून घोडागाडी गेली. तो तीन पायांवर विव्हळत घरी आला. पाहुणा म्हणून गेलेल्या लेखक कुप्रिनने लिहिलंय की चेखवने गरम पाण्याने जखम धुतली, आयोडोफॉर्म लावून पट्टी बांधली, आणि त्याचे हात चालू असताना त्याच मायेने कुत्र्याला वेडा म्हणून रागावणंही चालू होतं.

लग्नाची मात्र त्याला दहशत होती. लग्न नव्हे, अभिनंदनं, हातातली शँपेन आणि चेहऱ्यावर चिकटवलेलं हसू. म्हणून मे १९०१ मध्ये एका मित्राला सांगून त्याने मॉस्कोत सगळ्या आप्तेष्टांना जेवायला बोलावलं. मंडळी तिथे ताटकळत बसली आणि इकडे चार साक्षीदारांसमोर लग्न उरकून नवरा-नवरी गावाबाहेर. मधुचंद्र उफा प्रांतातल्या आरोग्यधामात, घोडीचं आंबवलेलं दूध पीत. क्षयावर तेव्हा तो उपाय मानला जाई. आईला तार गेली: लग्न करतोय, आशीर्वाद दे, सगळं पूर्वीसारखंच राहील.

तारेतला मजकूर खरा ठरला. ओल्गाचे प्रयोग मॉस्कोत, त्याचा खोकला याल्टात, आणि मधे रेल्वेचे दिवस. दोघांमधला संसार मुख्यतः टपालाने चालला. लिकाला विनोदाने टाळणाऱ्या या गृहस्थाला इथे एकदाची प्रेमाची भाषा सापडली. तो बायकोला पत्रात 'माझ्या लाडक्या कुत्र्या' असं लिहायचा, तिची शेपटी ओढायचा, आणि तीही खाली सही करायची, 'तुझा कुत्रा'. मराठी नवऱ्यांनी हा प्रयोग स्वतःच्या जबाबदारीवर करावा.

१९०४च्या जानेवारीत मॉस्कोत 'चेरी ऑर्चर्ड' रंगमंचावर आलं. फेब्रुवारीत चेखव याल्टाला परतला. प्रयोग सुरू होते, त्यामुळे बायको अर्थातच मॉस्कोत थांबली; सोबत आला श्नाप नावाचा एक डॅशहुंड, आणि मग त्याची खबरबात पत्रांतून मॉस्कोला जाऊ लागली.