सल्लागार व्हावे कसे : जुन्नर-आंबेगाव आवृत्ती

मोठ्या उद्योगाची खरेदी, विक्री, साठा, पगार आणि हिशेब एकाच संगणकप्रणालीत बसवून देणाऱ्यास ईआरपी सल्लागार म्हणतात. या प्रणालींपैकी सर्वांत परिचित सॅप. आयबीएम सोडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये जर्मनीत ही कंपनी काढली. म्हणजे या धंद्याचे मूळपुरुषच नोकरी बदललेले होते. तेव्हा चाळिशीत धंदा बदलणाऱ्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणालाच उरत नाही. नातेवाईक तो तरीही बजावतात.

सल्लागाराचे काम नोंदींचे, आणि जुन्नर भागाला नोंदी नव्या नाहीत. नाणेघाटातील सातवाहनकालीन शिलालेखात यज्ञांत दान दिलेल्या गाई, घोडे आणि कार्षापण नाण्यांचे आकडे दगडात कोरलेले आहेत. सॅपमध्येही हिशेबात गेलेली नोंद पुसता येत नाही. चुकल्यास उलट नोंद करावी लागते. नाणेघाटात तेवढीही सवलत नव्हती.

या भागातील उमेदवारांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिला, अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून किंवा तत्सम ठिकाणाहून बाहेर पडलेला नवपदवीधर. याला संगणक येतो, पण गोडाऊन आतून पाहिलेले नसते. दुसरा, साखर कारखाना, पतसंस्था किंवा बाजार समितीतला अनुभवी कारकून. याला गोडाऊन तोंडपाठ असते, पण इंग्रजीत मुलाखत म्हटली की घसा कोरडा पडतो. तिसरा, टोमॅटोच्या भावाला कंटाळलेला शेतकरी. प्रकल्प सुरू होण्याची तारीख चौथ्यांदा पुढे गेली तरी हा विचलित होत नाही. रात्रीच्या विजेवर उसाला पाणी धरताना एक कान बिबट्याकडे ठेवायची सवय असल्याने अमेरिकेतल्या ग्राहकाचा मध्यरात्रीचा कॉलही त्याला सुखाचा वाटतो; निदान तिथे खुर्ची असते.

अभ्यास मॉड्यूलवार, म्हणजे प्रणालीच्या विभागांनुसार चालतो : हिशेबासाठी एफआय, खरेदी आणि साठ्यासाठी एमएम, विक्रीसाठी एसडी, उत्पादनासाठी पीपी. एमएममध्ये थ्री-वे मॅच शिकवतात. खरेदी ऑर्डर, आलेल्या मालाची नोंद आणि बिल ही तिन्ही जुळली, तरच पैसे सुटतात. साखर कारखान्याच्या स्टोअरमध्ये बेअरिंग उतरवून घेणाऱ्याने हे आयुष्यभर केलेले असते, फक्त त्याचे कोणी प्रमाणपत्र दिलेले नसते. ऊसपुरवठ्याचेही तसेच. भरलेली गाडी काट्यावर, मग रिकामी गाडी काट्यावर, वजनातला फरक शेतकऱ्याच्या नावावर आणि नियमानुसार १४ दिवसांत एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त व किफायतशीर दर. शेवटच्या टप्प्याला किती दिवस लागतात, हे विद्यार्थ्याने गावात विचारून घ्यावे.

मास्टर डेटा हा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा विषय. एका पुरवठादाराला एकच क्रमांक, असा नियम. एकाच वाडीत एकाच नावाचे, एकाच आडनावाचे चौघे राहतात आणि केवळ टोपणनावाने ओळखले जातात, तिथे शेतमालाच्या विक्रीची पट्टी लिहिणाऱ्या दिवाणजीला या नियमाचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नाही. एकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्यावर गेल्यावर काय होते, हे त्याने पाहिलेले असते.

मुलाखतीत या अनुभवाचाच कस लागतो. काही क्लास दोन महिन्यांत विद्यार्थ्याला पाच वर्षांचा अनुभव बायोडेटात लिहून देतात. मग समोरचा विचारतो : माल निम्मा आला, बिल पूर्ण आले, काय कराल? बनावट अनुभवी ट्रान्झॅक्शन कोड सांगतो. स्टोअरकीपर म्हणतो, बिल अडवून ठेवतो आणि पुरवठादाराला फोन लावतो. कोड आठवड्यात पाठ होतो. बिल अडवण्याची हिंमत यायला वर्षे लागतात.

कामाची टंचाई नाही. सॅपच्या जुन्या ईसीसी प्रणालीची नियमित देखभाल २०२७ अखेर संपणार असल्याने कंपन्या एस/४हाना या नव्या प्रणालीकडे वळत आहेत. मात्र नवख्याला पहिली नोकरी मिळायला वेळ लागतो आणि पहिला पगार बहुधा जुन्या पगारापेक्षा कमी असतो. घरी हे आधीच सांगून ठेवावे.

इच्छुकांनी या धंद्यात जरूर यावे. आपल्या जुन्या कामाशी जुळणारे मॉड्यूल निवडावे, बायोडेटात खरा अनुभव लिहावा आणि क्लासच्या फीला पहिला थ्री-वे मॅच लावावा : काय शिकवणार ते लेखी घ्यावे, काय शिकवले ते तपासावे, आणि दोन्ही फीच्या बिलाशी जुळल्यावरच शेवटचा हप्ता द्यावा.