कॉल आलाय!

सर्पमित्राला गर्दीत हुडकायला वेळ लागत नाही. अंगात लष्करी छापाचा टी-शर्ट, विजारीला आठ खिसे, त्यातले सात रिकामे, हातात हुक लावलेली काठी आणि कानाला मोबाइल. पण श्रावणाच्या तोंडावर तालुक्याच्या मंगल कार्यालयात यांचा मेळावा भरतो, तेव्हा ही खूण कुचकामी ठरते. तिथे सगळेच लष्करी छापाचे. लग्नासाठी हॉल बघायला आलेलं एक कुटुंब दारातूनच माघारी फिरलं.

इथे कोणी कोणाची जात विचारत नाही, पक्षही विचारत नाही. विचारतात ते एवढंच, "दादा, तुम्हाला काय चावलंय?" दिवड चावलेला गुपचूप मागच्या रांगेत बसतो. दिवड बिनविषारी; कडकडून चावत असली तरी तिच्या चाव्याला मान नाही. फुरसं चावलेला कोकणातला गडी मधल्या रांगेत. घोणशीने ज्याचं बोट वाकडं केलंय तो थेट पुढे, आणि तो नमस्कारही असा करतो की आधी ते बोट दिसावं. मण्यार चावून वाचलेल्याची मात्र पंचाईत. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, बहुधा ना सूज येते ना फारसं दुखतं. पहाटे पोट दुखायला लागतं, पापण्या मिटू लागतात, तेव्हा कळतं. त्यामुळे त्या बिचाऱ्याकडे दाखवायला काही नसतं. तरी त्याला पाहिलं की लोक उठून खुर्ची देतात.

गप्पांत साप वाढतो. सकाळी नाश्त्याला साडेपाच फूट असलेली धामण पंगत बसेपर्यंत आठ फुटांची होते. आठ फुटी धामणी खरंच असतात, म्हणून कोणी हरकत घेत नाही. जुनी मंडळी असली की गाडी १९८० सालावर येतेच. त्या वर्षी नीलिमकुमार खैरे पुण्यात ७२ विषारी सापांसोबत ७२ तास राहिले होते. कात्रजचं सर्पोद्यान त्यांनी उभारलं ते नंतर. ७२ तासांचा तो प्रकार प्रत्येक ज्येष्ठ सर्पमित्राने जातीने पाहिलेला असतो. वयं मोजली तर त्यातल्या काहींनी तो पाळण्यातून पाहिला असणार.

मग भाषणं. वनाधिकारी साहेब १९७२ चा वन्यजीव कायदा समजावून सांगतात. विनापरवाना साप पकडणं गुन्हा, बाळगणं गुन्हा, त्याचे खेळ करणं गुन्हा. "आणि कृपा करून गळ्यात घालून फोटो काढू नका!" सर्वांत जोरात टाळ्या वाजवणाऱ्याचा मोबाइल शेजारच्या खुर्चीवर उजळतो. त्यात तोच, नागाचा मुका घेताना. मी पाहिलं हे त्याने पाहिलं. "जनजागृतीसाठी आहे तो," म्हणाला.

नंतर डॉक्टर बोलतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात साप चावून सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अभ्यास आहे. म्हणजे वर्षाला अठ्ठावन्न हजार. बहुतेक खेड्यांतली, सुमारे निम्मी पावसाळ्यात. घोड्यांना थोडंथोडं विष टोचून बनवलेली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, पण वेळेत दवाखाना गाठला तर. मंत्र नको, चिरा नको, आवळपट्टी नको. "काही शंका?" मागून एक हात वर होतो. "सर, माझी दोनदा घेऊन झालीय. तिसऱ्यांदा चालेल ना?"

सर्पमित्राला हसावं तितकं थोडं. पण रात्री दोन वाजता त्याला फोटो येतो. कपाटाखालची दोन इंच शेपटी, तीही हललेली. खाली प्रश्न, "विषारी आहे का?" मण्यारीचे पांढरे पट्टे शेपटीकडे ठळक होत जातात आणि बिनविषारी कवड्याचे डोक्याकडे, हे त्याला पाठ आहे. डोकं फोटोत नाही. "लांब थांबा, आलो," म्हणत तो गाडीला किक मारतो. सापाला तो भीत नाही, भितो तो चौकातल्या कुत्र्यांना. तीन जिने चढून वर जावं तर कपाटाखालून निघतो गांडुळाएवढा वाळा. घरमालकाचा चेहरा पडतो, "एवढासाच?" पेट्रोलचं कोणी विचारत नाही. पहाटे घरी पोचला की बायको दाराची कडी काढण्याआधी विचारते, "सोडून आलात ना?"

माझ्या मते यांच्यातला अस्सल तो, ज्याच्याकडे सांगायला चावा नाही. असे लोक मेळाव्यात असतात. काठीने साप हळूच वळवायचा, अंधाऱ्या पाइपातून पिशवीत जाऊ द्यायचा, हात लावायचा नाही. त्यांना व्यासपीठावर कोणी बोलवत नाही.

तुमच्या घरी साप निघाला तर काठी उचलू नका. मुलांना बाहेर काढा, लांबून नजर ठेवा, वनखात्याला किंवा ओळखपत्र असलेल्या सर्पमित्राला फोन करा. तो आला की पाणी द्या, पेट्रोलचे पैसे द्या. फक्त "दादा, एकच फोटो, हातात धरून" असं म्हणू नका. तो नाही म्हणणार नाही.