मूळचे कुठले?

जर्मनीत दारावरच्या घंटेशेजारी नुसतं आडनाव लिहितात. मराठी माणसाची भूक तेवढ्यावर भागत नाही, पण सुरुवात बरी होते. हायडेलबर्गच्या जुन्या गावात मी चर्च-किल्ला सोडून या पाट्याच वाचत हिंडतो. श्मिट म्हणजे आपले लोहार. शेवटी ‘अर’ आलं की पुष्कळदा गाव, म्हणजे आपलं ‘कर’च. मधूनच एखादं इटालियन आडनाव लागतं. १९५५च्या कामगार करारानंतर इटलीतून पुष्कळ माणसं जर्मनीत आली, त्यांच्यापैकीच कुणाचा नातू असावा, असं मी परस्पर ठरवून टाकतो.

पण या गावात गाजलेलं इटालियन आडनाव त्याच्या कितीतरी आधीचं, ब्रेंतानो. घराणं कोमो सरोवराच्या काठचं. ब्रेंता म्हणजे द्राक्षं किंवा दारू पाठीवरून वाहायचं लाकडी भांडं; कुळाच्या मानचिन्हातही ते आहे. थोडक्यात, आपले हंडे किंवा रांजणे. ही मंडळी लिंबं-संत्री विकत आल्प्स ओलांडून जर्मन मुलखात शिरली आणि इतकी वाढली की नुसतं ब्रेंतानो म्हणून भागेना. मग कुणी ब्रेंतानो-चिमारोली, कुणी ब्रेंतानो-तोच्चा. एका आळीत चार कुलकर्णी असले की पोस्टमनचं काय होतं हे ज्याने पाहिलंय, त्याला यात नवल वाटायचं नाही. फ्रँकफुर्टचे व्यापारी पीटर आंटोन ब्रेंतानो यांना तर तीन लग्नांतून वीस मुलं झाली. आडनावाचा प्रसार कसा होतो, यावर आणखी संशोधन नको.

त्या विसांतला एक क्लेमेन्स. धंद्यात लक्ष नाही, कवितेत सगळं. १८०४ साली तो हायडेलबर्गला आला आणि आखिम फॉन आर्निम या मित्राबरोबर त्याने जर्मन लोकगीतं गोळा केली. ‘डेस क्नाबेन वुंडरहॉर्न’चा पहिला खंड १८०५मध्ये इथूनच निघाला. गीतं दोघांनी बिनधास्त ‘सुधारली’ही, त्यावरून भांडणं झाली. पण गंमत ही, की जर्मनांना त्यांची अस्सल मातीतली गाणी लिंबूवाल्याच्या मुलाने हाती दिली.

आपण हसायचं कारण नाही. सावंतवाडीकडच्या कालेलीचं नाव मिरवणारे काका कालेलकर गुजरातीत असे रमले की गांधीजींनी त्यांना ‘सवाई गुजराती’ म्हटलं. सखाराम गणेश देउस्कर बंगालीत ‘देशेर कथा’ लिहून गेले. नाहीतरी गावाचं नाव माणसाला चिकटतं ते गाव सुटल्यावरच. कालेलीत बसून कुणी कालेलकर होत नाही.

आणि हायडेलबर्गने याची परतफेड केली आहे. इथल्या विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेतले गुंथर सोंटहायमर खंडोबाच्या मागे लागून महाराष्ट्रभर हिंडले. धनगरांच्या ओव्या त्यांनी ध्वनिमुद्रित केल्या, पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. आडनावाच्या हिशेबाने हे गृहस्थ सोंटहाइमकर. आता पंचाईत अशी, की जर्मनीत सोंटहाइम एक नाही. आपल्या वडगावांसारखी ती ठिकठिकाणी आहेत. नेमकं कोणतं, हे विद्यापीठात कुणी विचारलं असेल असं वाटत नाही. वाड्यावरच्या एखाद्या धनगर आजोबांनी मात्र घोंगडी पुढे सरकवता सरकवता पहिल्या भेटीतच विचारलं असणार, आणि उत्तर मिळेपर्यंत ओवी सुरू केली नसणार.