हवेतली कात्री : कामातल्या आनंदाच्या मोजमापाविषयी एक लघुप्रबंध

माणसाला आपल्या कामात आनंद मिळतो की नाही, हे शोधण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. त्यांतला सर्वांत कुचकामी मार्ग म्हणजे त्याला विचारणे. तरी जगातले विद्वान गेली ऐंशी-नव्वद वर्षे तेच करत आले आहेत. रॉबर्ट हॉपॉक या अमेरिकन गृहस्थांनी १९३५ साली नोकरीतल्या समाधानावर अख्खे पुस्तक लिहिले आणि त्यासाठी पेनसिल्व्हेनियातल्या एका गावातल्या कामकरी माणसांना गाठून प्रश्न विचारले. पुढे १९५५ साली कुनिन नावाच्या संशोधकाने शब्दांची भानगडच नको म्हणून हसऱ्यापासून रडव्यापर्यंत चेहऱ्यांची एक रांग काढली. तुमचा चेहरा यांतला कुठला, तेवढी खूण करा. युक्ती चांगली होती. पण ती आपल्याकडच्या कुठल्याही खिडकीवर चालणार नाही, कारण खिडकीमागे चेहरा एकच असतो आणि तो इन्क्रिमेंटच्या दिवशीही बदलत नाही.

प्रथम पूर्वपक्ष पाहू. मराठी नोकरदाराला नोकरीबद्दल विचारले, की तो आधी आजूबाजूला कोण आहे ते पाहतो आणि मग कुरकुरतो. साहेबाला काही कळत नाही. बढती तिसऱ्यालाच मिळाली. कँटीनचा चहा पूर्वीसारखा राहिला नाही. मार्चएंडला जीव जातो. हे सगळे तो अशा तन्मयतेने सांगतो, की ऐकणाऱ्याला वाटावे, हा उद्या सकाळी राजीनामा देणार. तो देत नाही. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्याला हार-नारळ देऊन घरी पाठवावे लागते, आणि तेव्हाही तो कपाटाच्या किल्ल्या लवकर देत नाही. म्हणजे जिथे कुरकुर आहे तिथे असमाधान आहेच असे नाही. नैयायिकांच्या भाषेत हा हेतू व्यभिचारी ठरतो. (कोणी भलता अर्थ घेऊ नये.) उलट, खरोखर विटलेला माणूस कुरकुरत नाही. तो गप्प असतो, सीएल किती उरल्या ते पाहून ठेवतो आणि ‘दाढ दुखते’ म्हणून मुलाखतीला जाऊन येतो.

हिंजवडीच्या बाजूला या प्रश्नाचे आधुनिक रूप आढळते. तिथे वर्षातून एकदा ईमेलवर एक फॉर्म येतो. तुमची उत्तरे पूर्णपणे गोपनीय राहतील, असे वर ठळक अक्षरांत लिहिलेले असते, आणि खाली विभाग, वयोगट, शहर, रुजू झाल्याचे वर्ष व मॅनेजरचे नाव विचारलेले असते. हे पाच रकाने भरल्यावर त्या वर्णनात बसणारा पृथ्वीतलावर एकच इसम उरतो. तो इसम प्रत्येक प्रश्नाला पाचपैकी चार गुण देतो. पाच दिले तर लाळघोटेपणा दिसतो, तीन दिले तर मॅनेजर ‘जरा बसूया का?’ म्हणून बोलावतो. अशा रीतीने सगळी कंपनी ऐंशी टक्के सुखी असल्याचे सिद्ध होते.

तेव्हा प्रस्तुत लेखकाचा सिद्धान्त असा : कामातला आनंद उत्तरात सापडत नाही. कामाचा जो भाग केला नसता तरी चालले असते, त्या भागात तो सापडतो.

न्हाव्याची कात्री पाहा. केस कापताना ती वाजते हे ठीकच आहे. पण दोन कापण्यांच्या मधे, डोक्यापासून चांगली वीतभर दूर, ती हवेतच चक-चक-चक-चक करत राहते. तिथे केस नाहीत. त्या आवाजाचे गिऱ्हाईक वेगळे पैसे देत नाही. कात्रीची धार मात्र त्यात झिजत असणार. असा निव्वळ तोट्याचा व्यवहार माणूस दिवसभर का करतो, याचे अर्थशास्त्राकडे उत्तर नाही. आमच्याकडे आहे. हवेतल्या कात्रीला केसांवरच्या कात्रीने भागावे. येणाऱ्या आकड्याला आम्ही आनंदांक म्हणतो. रविवारी सकाळी बाकड्यावर रांग लागलेली असली की आनंदांक घसरतो, पण शून्यावर येत नाही. दुकानात क्रिकेटची मॅच लागलेली असेल तर तो इतका वाढतो, की गिऱ्हाइकाने कान सांभाळावेत.

यावर आक्षेप प्रत्यक्ष एका न्हाव्यानेच घेतला. ‘अहो, आनंद कसला? कात्रीला चिकटलेले केस झटकले जातात आणि हाताची लय तुटत नाही.’ आक्षेप वजनदार आहे आणि आक्षेपक या विषयातला अधिकारी पुरुष आहे. परंतु त्याच अधिकारी पुरुषाने अलीकडे विजेवरचे ट्रिमर घेतले आहे, आणि ते मानेला लावण्याआधी तो दोनदा हवेत झिर्र-झिर्र करून घेतो. त्या दोन झिर्रांनी कोणता केस झटकला, हे पूर्वपक्षाने सांगावे.

इथे अतिव्याप्तीपासून सावध राहायला हवे, कारण जे जे शोभेचे दिसते ते ते अनावश्यक असतेच असे नाही. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम करतात. त्या ठोक्यांची नक्षी पाहून नवखा अभ्यासक लगेच वही काढतो. पण मठारल्याने पत्रा टणक होतो, म्हणून ते ठोके कामातच धरावे लागतात. लोहाराचे वेगळे. तापलेल्या लोखंडावर घाव घातल्यावर पुढच्या घावाआधी त्याचा हातोडा रिकाम्या ऐरणीवर एक हलकी टिचकी मारून घेतो. त्या टिचकीने ना पळी वाकते, ना विळा. ती शुद्ध आनंदांकात जमा.

सार्वजनिक सेवांतला या शास्त्राचा इतिहास अजून कोणी लिहिलेला नाही. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एस.टी. धावली, तिच्या उत्पन्नाची नोंद कुठे ना कुठे असेलच, पण तिकिटाला भोक पाडायचा चिमटा किती वेळा रिकामाच वाजला याची नोंद कोण ठेवणार? तिकिटाला तो एकदाच दाबावा लागे. कंडक्टर मात्र मागच्या बाकापासून पुढच्या बाकापर्यंत तो टिकटिकवतच यायचा, आणि झोपलेल्या प्रवाशाच्या कानाशी दांडीवर वाजवायचा. पुढे यंत्रे आली, तिकीट कागदी पट्टीवर छापून यायला लागले. तेव्हा हा आनंद संपला असे जुन्या मंडळींना वाटले. त्यांनी ती पट्टी फाडतानाचे मनगट पाहिलेले नाही. टपाल कचेरीतला शिक्काही असाच : एकदा शाईवर, एकदा पाकिटावर, आणि मधेच एकदा विनाकारण लाकडी टेबलावर.

या शास्त्राचा सर्वांत जुना आणि भक्कम पुरावा मात्र हिशेबनिसाचा आहे. संत एकनाथ देवगिरीला गुरू जनार्दनस्वामींकडे असताना त्यांच्याकडे हिशेबाचे काम होते. परंपरा सांगते की एकदा ताळा लागेना, एका पैची चूक राहिली. नाथ रात्रभर दिव्यापाशी वह्या उलटत बसले, चूक सापडली, आणि त्यांनी आनंदाने टाळी वाजवली. ही टाळी या प्रबंधाचा मध्यबिंदू होय. पैचा शोध हा कामाचा भाग होता. टाळी नव्हती. कोणत्याही जमाखर्चात टाळीला खाते नाही.

पण पुढे काय झाले तेही पाहिले पाहिजे, कारण आमचे कीर्तनकार एक अर्थ सांगतात आणि हेडक्लार्क दुसरा. टाळी स्वामींनी ऐकली. एका पैच्या चुकीचा एवढा आनंद, तर संसाराची एवढी मोठी चूक सापडेल तेव्हा केवढा होईल, असे ते म्हणाले. आणि पुढे नाथांची रवानगी शुलीभंजनच्या डोंगरावर तपाला झाली. अध्यात्माच्या अंगाने प्रसंग थोरच आहे, त्यात आम्ही पडत नाही. कार्यालयाच्या अंगाने पाहिले, तर आनंद वरिष्ठांच्या कानावर गेला की मोठे काम अंगावर येते, हा नियम त्यातून निघतो. आजही तो अबाधित आहे. ‘तुला आवडतं ना एक्सेल? मग सगळ्या विभागांचं तूच बघ,’ हे वाक्य ज्याने एकदा ऐकले, तो पुन्हा साहेबासमोर टाळी वाजवत नाही. तो कुरकुरतो. कुरकुरीचे मूळ इथे आहे, आणि पूर्वपक्षाला ते सापडले नाही याचे आश्चर्य वाटते.

संतांचाच विषय निघाला म्हणून एक निरीक्षण. कामात देव पाहणारी ही मंडळी बहुतेक सगळी स्वतःच्या धंद्यातली होती. सावता माळी अरणचा मळा सोडून पंढरपूरला गेले नाहीत, विठोबाच मळ्यात आला, अशी कथा आहे. मळा स्वतःचा असल्यावर हे जमते. गोरोबाकाका, नरहरी सोनार यांच्या डोक्यावरही मस्टर नव्हते. जे दुसऱ्याच्या चाकरीत होते त्यांचे मात्र दर वेळी देवाला निस्तरावे लागले. सेना महाराज पूजेत गुंतले आणि राजाकडे जायला उशीर झाला, तर पांडुरंग स्वतः धोकटी घेऊन बदलीवर हजर झाला. (वस्तरा त्याने हवेत फिरवला की नाही, याबद्दल चरित्रकार गप्प आहेत.) मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनी तर दुष्काळात मंजुरीविना सरकारी कोठारे उघडली. ती वसुली विठोबाने बिदरला जाऊन भरली, रीतसर पावती घेतली, आणि मगच प्रकरण मिटले. असा लेखापरीक्षणाचा निपटारा त्यानंतर झाल्याचे ऐकिवात नाही. दामाजींनी पुढे नोकरी सोडली म्हणतात.

पाश्चात्त्यांत या विषयाच्या सर्वांत जवळ पोचलेला माणूस म्हणजे फ्रेडरिक हर्झबर्ग. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग भागातल्या २०३ इंजिनियर आणि हिशेबनिसांना नोकरीत फार बरे वाटल्याचे आणि फार वाईट वाटल्याचे प्रसंग सांगायला लावले. पुस्तक १९५९ साली निघाले. निष्कर्ष असा, की आनंदाच्या गोष्टींत लोक स्वतःचे काम, त्यातले यश आणि कोणी घेतलेली दखल यांबद्दल बोलतात. दुःखाच्या गोष्टींत कंपनीचे नियम, साहेब आणि पगार येतात. म्हणजे पगार कमी असला तर माणूस दुःखी होतो, पण वाढला म्हणून सुखी होईलच असे नाही. टीकाकारांनी लगेच म्हटले, की बरे झाले ते आपल्यामुळे आणि बिघडले ते साहेबामुळे असे तर सगळेच सांगतात. यात टीकाकारांचा मुद्दा आम्हांला पटतो, पण हर्झबर्गबद्दल सहानुभूतीही वाटते. पगाराबद्दल तो बरोबरच होता. महाराष्ट्रात सातवा वेतन आयोग लागू झाला तेव्हा २०१६पासूनची थकबाकी पाच वार्षिक हप्त्यांत द्यायचे ठरले. इतक्या सावकाश येणाऱ्या आनंदाला सिद्धान्ताचा पाया करता येत नाही. हर्झबर्गच्या हिशेबनिसांत टाळी वाजवणारे किती होते, एवढे मात्र त्याने मोजायला हवे होते.

आता संगणकाचा प्रश्न. जिथे हात दिसत नाहीत तिथे हवेतली कात्री कुठे शोधायची? उत्तर सोपे आहे. माणूस चाळीस ओळींचे ईमेल हळूहळू टाइप करतो आणि शेवटी ‘सेंड’च्या वेळी एंटरचे बटण असे हाणतो, की शेजारच्या टेबलावरचा चहा हलावा. त्या बटणाला हलक्या बोटाने दाबले तरी ईमेल त्याच वेगाने जाते. किंवा एक्सेलचा तक्ता घ्या. आकडे जुळले, काम झाले. तरी कारकून थांबतो, मथळ्याला फिकट निळा रंग भरतो, रकाने एका मापाचे करतो, बेरजेखाली दुहेरी रेघ मारतो आणि खुर्ची मागे सरकवून लांबून पाहतो. साहेब त्यातला शेवटचा आकडा तेवढा वाचणार आहे, हे त्याला ठाऊक असते. विचारले तर म्हणतो, ‘डोकं फिरलंय या रिपोर्टनी.’

इथे व्यवस्थापनाला एक धोक्याची सूचना द्यावीशी वाटते. हा प्रबंध वाचून कोणी हुशार अधिकारी आनंदांकाचे लक्ष्य ठरवून देईल. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात कामगारांवर दिवे, विश्रांती, वेळा यांचे प्रयोग झाले. आपल्याकडे कोणी पाहत आहे, एवढ्यानेच माणसे वेगळी वागतात, असे त्या प्रयोगांवरून सांगतात. त्या निष्कर्षावर पुढे शंकाही घेतल्या गेल्या. आम्हांला शंका नाही. ‘प्रत्येक कापणीमागे किमान चार वेळा हवेत कात्री चालवावी व नोंदवहीत सही करावी’ असे परिपत्रक निघाले, की त्या दिवसापासून कात्री केसांवरच चालेल, आणि चार-चार सह्या मात्र रोज होतील.

शेवटचा नमुना निवृत्तांचा. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला पेन्शनर बँकेत जातात, त्यांत त्याच शाखेतले जुने कॅशियरही असतात. असे एक काका दाखल्याचे काम उरकून पेन्शनीतले थोडे पैसे काढायला खिडकीशी आले. आतल्या मुलीने नोटा यंत्रात घातल्या, यंत्राने फर्रकन मोजल्या, तिने आकडा दाखवला, पुन्हा एकदा घातल्या, पुन्हा तोच आकडा. काकांनी गड्डी घेतली, खिडकीवरच्या ओल्या स्पंजाला बोट लावले आणि सगळ्या नोटा अंगठ्याखालून एकेक करून सोडल्या. शेवटच्या नोटेला त्यांनी टिचकी मारली. फट्ट असा आवाज आला. मागची रांग चुळबुळली.

‘काका, मशिनवर विश्वास नाही का?’ मुलगी म्हणाली.

‘आहे की. मशिनचं मोजून झालं. माझं राहिलं होतं.’