विषय : आपली स्वाक्षरी मिळणेबाबत

थोरामोठ्यांना पत्रं धाडून टपालाने सह्या मागवणारा गृहस्थ रसिक असतो, असा एक समज आहे. तो बहुधा त्याच्या घरचेच लोक पसरवतात, कारण दोन कपाटं कशाने भरली आहेत याचं काहीतरी उत्तर पाहुण्यांना द्यावं लागतं. माझं मत निराळं आहे. हा माणूस रसिक नसतो, तो जन्मजात कारकून असतो. नोकरी तो शाळेत करो, बँकेत करो किंवा मुळीच न करो. कादंबरीकार, गायिका, फलंदाज, अंतराळवीर ही त्याच्या लेखी निरनिराळी कार्यालयं आहेत. तिथे अर्ज करायचा, पाठपुरावा करायचा आणि निकाली निघालेलं प्रकरण फाइलला लावायचं, हे त्याचं जीवितकार्य. सही म्हणजे त्या अर्जावर पडलेला शेरा, एवढंच.

याचा पुरावा त्याच्या वहीत सापडतो. जावक क्रमांक, दिनांक, सोबत जोडलेली तिकिटं, पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, असे तिचे रकाने. पत्राचा मजकूर वर्षानुवर्षं ठरलेला. ‘आपण आमच्या पिढीवर केलेले संस्कार’ हे वाक्य कवीला जातं, तबलावादकाला जातं, पैलवानाला जातं आणि पडद्यावर जन्मभर नायिकांना पळवून नेणाऱ्या खलनायकालाही जातं. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, ५ रुपयांचं तिकीट लावलेलं पाकीट आणि एक कोरं कार्ड. कार्डावर पेन्सिलीची बारीक फुली, ज्ञानपीठविजेत्याने भलत्याच जागी सही करू नये म्हणून. कवितेखाली कुसुमाग्रज आणि नाटकावर वि. वा. शिरवाडकर अशी दोन नावं चालवणाऱ्या माणसाकडे याने दोन कार्डं दोन जावक क्रमांकांनी पाठवावीत, हेही रीतीला धरूनच. कवितांची आवडनिवड हा प्रश्नच इथे उद्भवत नाही. रसिक असता तर तोच कवी गावातल्या व्याख्यानमालेला आला असताना याने वही पुढे केली असती. पण हातोहात मिळालेली सही त्याला बेवारशी वाटते. ‘तशी कुणीही घेतं,’ असं म्हणून तो मधल्या रांगेतून उठून घरी जातो आणि कवी परत आपल्या गावी पोहोचला असेल अशा बेताने पत्र टाकतो.

थोर माणसांबद्दलचे त्याचे आवडीनिवडीचे निकषही याच जातीचे. जी. ए. कुलकर्णी सभासमारंभांपासून दूर धारवाडात राहत, पण पत्रं अशी भरभरून लिहीत की पुढे त्यांचे खंड निघाले. वाचकाला चुटपुट लागावी अशी ही गोष्ट, आपल्या गृहस्थाला मात्र आदर्श वाटते : भेट नाही, पण पत्रोत्तर चोख. गांधीजी सहीमागे ५ रुपये घेत आणि ते हरिजन फंडात जमा करत. ठरलेलं शुल्क, ठरलेलं काम आणि पैसा कुठे जातो तेही जाहीर. इतकं स्वच्छ कार्यालय पुन्हा या देशात झालं नाही, असं तो मानतो. (इथे मीही त्याच्याशी सहमत आहे.)

यावर व्यवहारी माणसं म्हणतील की हा सगळा पैशाचा खेळ आहे. सह्यांना बाजार असतो, उद्या विकेल. बाजार आहे हे खरं. नील आर्मस्ट्राँगने १९९४च्या सुमारास सह्या देणं थांबवलं, त्यामागे ही खरेदीविक्री आणि खोट्या सह्यांचा सुळसुळाटच होता. पण बाजारात भाव दुर्मिळतेला असतो आणि आपला गृहस्थ धावतो नेमका उलट्या दिशेला. डॉन ब्रॅडमनने अ‍ॅडलेडच्या घरी बसून कित्येक दशकं चाहत्यांच्या पत्रांना उत्तरं दिली आणि इतक्या सह्या केल्या की त्याच्या साध्या सहीला दुर्मिळ म्हणणं कठीण. व्यापारी इथे नाक मुरडेल. हा मात्र ब्रॅडमनला देव मानतो, आणि तेही फलंदाजीसाठी नव्हे. शिवाय सहीच्या वर ‘चि. अमुक यांस सप्रेम’ असं लिहून द्यावं ही याची नम्र विनंती असतेच. दुसऱ्याचं नाव घातलेली सही घ्यायला गिऱ्हाईक बिचकतं, हे त्याला कुणी सांगितलं तरी तो विनंती मागे घेत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नुसतं उत्तरच हवं असेल, तर यंत्राने केलेल्या सहीवरही याचं समाधान व्हायला हवं. ते होत नाही. सही करणारी यंत्रं अमेरिकेत जुनी आहेत. केनेडींच्या यांत्रिक सह्यांवर चार्ल्स हॅमिल्टन या जाणकाराने १९६५मध्ये अख्खं पुस्तक लिहिलं. वॉशिंग्टनहून आलेलं पाकीट फोडून आपला गृहस्थ भिंग काढतो, दोन सह्या एकमेकींवर ठेवून उजेडात धरतो आणि त्या तंतोतंत जुळल्या की कष्टी होतो. मला यात विसंगती दिसत नाही, उलट दुजोरा दिसतो. सक्षम अधिकाऱ्याच्या सहीशिवाय आदेश वैध नाही, हे कोणता कारकून विसरेल? नकारही त्याला असाच रीतसर लागतो. रिंगो स्टारने २००८मध्ये चित्रफीत काढून सांगितलं की २० ऑक्टोबरनंतर आलेलं चाहत्यांचं टपाल कचऱ्यात जाईल. संगीतप्रेमी दुखावले. याला मात्र अंतिम मुदत आगाऊ कळवण्याची पद्धत आवडली असणार.

सेल्फीमुळे ही जात संपेल असं बोललं जातं, पण सेल्फीला जावक क्रमांक नसतो, तेव्हा ती भीती पोकळ आहे. खरा घाव टपाल खात्याने घातला. २०२५मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आणि या मंडळींची एक जुनी युक्ती अडगळीत गेली. दाद न देणाऱ्या नटाला ते रजिस्टर ए.डी. पाठवत, पोचपावतीवर सही केल्याशिवाय पाकीट हातात पडत नसे, म्हणजे उत्तर येवो न येवो, सही येणारच. बेत बिनतोड होता. फक्त मोठी माणसं पोस्टमनला स्वतः दार उघडत नाहीत. त्यामुळे पोचपावत्यांवर सह्या आल्या त्या सेक्रेटरीच्या, स्वयंपाक्याच्या आणि बहुतेक वेळा इमारतीच्या रखवालदाराच्या. रसिकाने त्या फेकून दिल्या असत्या. या संग्रहात त्या नटाच्याच नावाखाली, ‘द्वारा’ अशी नोंद करून, चिकटवलेल्या असतात. त्यातली एखादी देवनागरीत असली तर मालक ती पाहुण्यांना आवर्जून दाखवतो, कारण नट स्वतः सही इंग्रजीत करतो.