आठ नंबरचा वारकरी

अमरावतीहून शेगावला पायी जायचं ठरलं, तेव्हा गजानन महाराजांवर माझी श्रद्धा होती, पायांवर नव्हती. म्हणून भल्या सकाळी जयस्तंभ चौकात जाऊन साडेतीन हजारांचे बूट घेतले. "काका, यात मस्त पळता येतं," दुकानातला पोरगा म्हणाला. मला चालायचं होतं. म्हणजे निम्मे पैसे तिथंच पाण्यात गेले.

घरी सल्ल्यांची दिंडी निघाली. शेजारच्या तात्यांनी कोल्हापुरीचा आग्रह धरला. बायकोने घरातली रबरी स्लीपर पिशवीत कोंबली. आईनं एकच विचारलं, "महाराज अनवाणी फिरत. तुले बूट कायले पाह्यजे?" याला उत्तर नव्हतं. मग तिन्ही जोड घेतले. भक्त एक, पायतणं सहा.

बडनेऱ्यापर्यंत बूट माझे होते. लोणीच्या पुढे मी बुटांचा झालो. लोणी ते माना हा रस्ता साधासुधा नाही. जून २०२२ मध्ये इथं सलग १०५ तास ३३ मिनिटं डांबर टाकून एकपदरी ७५ किलोमीटरचा गिनीज विक्रम झाला. हिशेब केला, तर ताशी पाऊण किलोमीटरही भरत नाही. दुपारी माझाही वेग तेवढाच झाला होता, पण गिनीजवाला एकही फिरकला नाही.

मूर्तिजापूरला बूट काढले, ते पुन्हा चढेनात. सोबतच्या आजीबाईंनी माझ्या टाचेचे फोड पाहिले.

"बूट सकाळीच घेतले ना, बापू?"

"हो."

"पाय दिवसभर चालून फुगते. सकाळचा आठ नंबर संध्याकाळी नऊ होते. अन् ते घामेजलेले मोजे बदलत जा, तेच कातडीले घासते."

त्यांच्या स्वतःच्या स्लीपरचा पट्टा सेफ्टी पिनेवर तगून होता आणि त्या रोज माझ्या अर्धा तास आधी मुक्कामाला पोचत. रहस्य विचारलं, तर म्हणाल्या, "पायतण नवऱ्यावानी असते. जुनं झालं का चावत नाही."

दुसऱ्या दिवशी कोल्हापुरी चढवल्या. बोरगाव मंजूजवळ पाऊस आला आणि चहाच्या टपरीकडे जायला मी डांबर सोडून पाचच पावलं शेतात टाकली. वऱ्हाडची काळी माती कपाशीच्या मुळाला धरते, तशीच वहाणेलाही धरते. उजवा पाय वर आला, वहाण खालीच राहिली. डावी आली ती किलोभर माती घेऊन. चहा पाच मिनिटांत झाला, वहाणा उकरायला वीस लागली.

अकोल्यात स्लीपरवर पोचलो. ज्यांच्याकडे उतरलो, ते श्रावणात गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीतून राजराजेश्वराला आणतात, तेही अनवाणी. माझी पिशवी उघडून ते म्हणाले, "दुकान टाकाले चालले का, भाऊ?"

पुढे गायगाव, पारस, नागझरी करत शेगाव आलं. चप्पल स्टँडवर सेवाधाऱ्यांनी हात पुढे केले. मी स्लीपर दिली, मग बूट दिले, मग मातीसकट कोल्हापुरी दिल्या.

"माउली, किती जण आहात?"

"एकटाच," मी म्हणालो.

तर वाचकहो, पायी निघायचं असेल, तर पायतण संध्याकाळी घ्या, एक नंबर मोठं घ्या, महिनाभर घरी वापरा. आणि जोड एकच न्या.