चित्रकलेचा तास डिजिटल कसा करावा

चित्रकलेचे तास आठवड्यातून दोन. त्यातला एक गणिताचे सर मागून नेतात. उरलेल्या पस्तीस मिनिटांत आधुनिक दृक्‌श्राव्य साधने वापरून विद्यार्थ्यांच्या सर्जनशीलतेचा सर्वांगीण विकास कसा घडवावा, याबाबत कलाशिक्षकांमध्ये अजून बराच गोंधळ दिसतो. काही जण तर आजही फळ्यावर खडूने घोडा काढून दाखवतात. हे मार्गदर्शन मुख्यतः अशांसाठी आहे. सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तर कलेसाठी अंशकालीन निदेशक असावा, असे २००९च्या शिक्षणहक्क कायद्यात लिहिलेले आहे. जिथे तो नेमलेला नाही, तिथे हे मार्गदर्शन मराठीच्या बाईंनी वाचावे. चित्रकला त्यांच्याकडेच असते.

प्रथम प्रोजेक्टर मिळवावा. तो मुख्याध्यापकांच्या खोलीत असतो, रिमोट क्लार्कच्या ड्रॉवरमध्ये, वायर कॉम्प्युटर लॅबमध्ये आणि लॅबची किल्ली रजेवर गेलेल्या सरांकडे. वर्गातून चार चलाख मुले चार दिशांना पाठवावीत; याला गटकार्य असे नाव देऊन टाचणवहीत नोंद करावी. प्रोजेक्टरसाठी खोलीत अंधार लागतो आणि चित्र काढायला उजेड. या पेचाने गांगरून जाऊ नये. आज पाहणे, पुढच्या आठवड्यात काढणे अशी सोपी विभागणी करावी. पुढच्या आठवड्यात गॅदरिंगची तालीम असते. इंटरनेट शाळेचे नसल्यास, म्हणजे बहुतेक वेळा, शिक्षकाने स्वतःच्या मोबाइलचे हॉटस्पॉट सुरू करावे आणि दिवसाचा दीड जीबी कलेच्या चरणी वाहावा. या प्रोजेक्टरवर पिवळा रंग जरा हिरवट येतो, त्यामुळे व्हॅन गॉगची सूर्यफुले भेंडीसारखी दिसतील. मुलांनी मूळ चित्र पाहिलेले नसल्याने तक्रार येत नाही.

आता जगप्रसिद्ध चित्रे दाखवावीत. पडद्यावर सर्व चित्रे एकाच मापाची दिसतात, ही या माध्यमाची मोठी सोय आहे. मोनालिसा ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ सेंटिमीटर रुंद, म्हणजे घरच्या आरशाएवढी. पिकासोने १९३७ साली रंगवलेले गेर्निका साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद. पॉवरपॉइंटच्या स्लाइडवर दोघी शेजारी शेजारी गुण्यागोविंदाने नांदतात. एखादा आगाऊ विद्यार्थी विचारेल, ‘सर, खरं केवढं आहे?’ पडद्याकडे बोट दाखवून ‘एवढं’ म्हणावे. असे कानावर आले आहे की काही शिक्षक सुतळीचा गुंडा घेऊन मुलांना मैदानावर नेतात, पावणेआठ मीटर लांब आणि साडेतीन मीटर रुंद चौकट मातीवर आखतात आणि सगळ्या वर्गाला तिच्या आत उभे करतात. मग मुले आपण होऊन म्हणू लागतात, की एवढ्या चित्राच्या वरच्या भागापर्यंत हात पोचायचा तर शिडी लागली असेल, आणि जवळ उभे राहिले तर सगळे एकदम दिसणारच नाही. हा प्रकार टाळावा. सुतळीचे बिल मंजूर होत नाही.

झूम तर करूच नये. ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ साली रेम्ब्रांटच्या ‘नाइट वॉच’ची ७१७ अब्ज पिक्सेलची प्रतिमा सर्वांसाठी मोकळी केली. तीत शिरत गेले, की माणसे नाहीशी होतात आणि उरतात भेगा, रंगाचे थर, ब्रशचे फटकारे. मुले लगेच म्हणतात, ‘हे तर खडबडीतच रंगवलंय!’ मग मागे यावे लागते, पुन्हा जवळ जावे लागते, आणि तेच फटकारे लांबून झालर कसे होतात यावर सगळा वर्ग एकदम बोलायला लागतो. त्या दिवशीच्या नियोजनात ‘शांतपणे निरीक्षण’ लिहिलेले असते.

भारतीय कलेचे काय, असा प्रश्न पालकसभेत हमखास येतो. त्यासाठी एक चित्र तयार ठेवावे: अंधारात उभी असलेली, साडी नेसलेली मुलगी, एका हातात दिवा, दुसऱ्या हाताचा ज्योतीला आडोसा. हे कोणाचे, असा शोध इंटरनेटवर घेतल्यास राजा रविवर्मा असे उत्तर इतक्या ठिकाणी मिळते, की शंका घेणे असभ्यपणाचे ठरावे. सर्वसाधारण नियम असा, की चित्र जुने, बाई साडीतली आणि दागिना दिसत असेल तर ते रविवर्म्याचे. तपशिलात शिरल्यास घोटाळा होतो. हे चित्र सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचे आहे, १९४५-४६च्या सुमाराचे. रविवर्मा १९०६ सालीच वारले. समोर उभी होती ती हळदणकरांची स्वतःची मुलगी गीता. चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि तैलरंगातले वाटत असले तरी जलरंगातले आहे. एवढे सगळे सांगत बसले, तर आपल्याच जिल्ह्यातला चित्रकार म्हणून सिंधुदुर्गातली मुले चेकाळतात, आणि जलरंगात इतका काळोख कसा आणला असेल, असे काहीतरी विचारतात. तेव्हा रविवर्मा सांगून पुढची स्लाइड लावावी.

या चित्राच्या वेळी वीज जाणे विशेष धोक्याचे. पडदा काळा पडतो, खिडक्यांना आधीच चादरी लावलेल्या असतात, आणि कोणीतरी मोबाइलची बॅटरी लावून तिच्यावर तळहात ठेवते. बोटांच्या कडा लाल होतात. मधला भाग काळसर राहतो, दोन बोटांच्या फटीतून पांढरी रेघ येते आणि हाताची सावली भिंतीवर पडते. मग दुसरा हात, तिसरा हात. कोणी म्हणते, चित्रातल्या त्या ताईची बोटे पण अशीच लाल होती, पुन्हा दाखवा. म्हणजे पडद्यावर असताना ज्याच्याकडे ढुंकून पाहिले नाही, ते वीज गेल्यावर आठवू लागते. अशा वेळी चादरी ताबडतोब काढून उजेड आत घ्यावा, मुलांची संख्या मोजावी आणि वर्ग शांतपणे वाचनाला बसवावा. शासकीय उपकरण बंद असताना शिक्षण सुरू राहिले, तर उपकरणाची गरज सिद्ध करणे पुढे अवघड जाते.

प्रात्यक्षिकासाठी रील उत्तम. चाळीस सेकंदांत निसर्गचित्र होते. पूर्वी आपल्याकडे निसर्गचित्र म्हणजे दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, नागमोडी नदी, एक झोपडी, एक नारळ आणि आकाशात मराठी चार उलटे केल्यासारखे पक्षी. ही परंपरा आता मागे पडून गडचिरोलीपासून गोव्यापर्यंत सर्व मुले भल्यामोठ्या चंद्रापुढे झोक्यावर बसलेली मुलगी काढतात. विषय ‘आमच्या गावचा बाजार’ दिला, तरी बाजारात चंद्र आणि झोका येतो. सर्वांची चित्रे सारखी असल्याने तपासायला वेळ लागत नाही, हा लाभ दुर्लक्षिण्याजोगा नाही.

रीलमधला मुख्य चमत्कार शेवटी असतो: कागदाच्या चारी कडांची मास्किंग टेप सोलून काढली, की स्वच्छ पांढरी चौकट उरते. तो कागद जाड असतो. आपल्या चित्रकलेच्या वहीच्या कागदावर हाच प्रयोग केल्यास टेपबरोबर चंद्राचा अर्धा भाग निघून येतो. दुसरी अडचण पाण्याची. रीलमध्ये पहिला वॉश देताच दुसरा येतो, कारण मधली दहा मिनिटे कापलेली असतात. वर्गात मूल तसेच करते, ओल्यावर ओले जाते, निळ्यात नारिंगी फुटतो आणि आकाशात चिखल होतो. खरे म्हणजे जलरंग शिकवायचा तर ती कापलेली दहा मिनिटेच शिकवायची असतात: कागद तिरका धरून त्यावरची चमक गेली का पाहणे, बोटाच्या मागच्या बाजूने हळूच गारवा तपासणे, आणि तोवर हात आवरणे. पण हात आवरलेल्या मुलाचा फोटो काढला तर ते रिकामे बसल्यासारखे दिसते.

क्षेत्रभेट आता घरबसल्या होते. साताऱ्याच्या खटाव तालुक्यात औंधला भवानी संग्रहालय आहे. संस्थानचे चित्रकार राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी जमवलेल्या त्या संग्रहात रविवर्म्याची अस्सल सैरंध्री आहे, हेन्री मूरचे माता-बालक शिल्पही आहे. पण औंधला जायचे तर एसटी लागते, संमतीपत्रे लागतात, डबे लागतात आणि कोणाला तरी घाट लागतो. त्याऐवजी खटावच्या मुलांना पॅरिसच्या लूव्रची आभासी सफर घडवावी. दालनात बाण दाबत दाबत पुढे जाता येते. बहुतेक मुले भिंतीवर आपटून आपटून बाहेरचा रस्ता शोधतात आणि त्यांना फार मजा येते.

यानंतरचा भाग सर्वांत महत्त्वाचा, तो म्हणजे पुरावा. उपक्रम झाला आणि फोटो नाही, तर उपक्रम झाला नाही, उलटे चालते. फोटोत पडदा, शिक्षक, बॅनर आणि निदान पाच हसरी मुले यावीत, कोपऱ्यात तारीख, वेळ आणि अक्षांश-रेखांश उमटावेत. मग केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेली लिंक भरावी. ही लिंक ‘अत्यंत तातडीचे’ या शीर्षकाखाली दुपारी अडीचला येते आणि तीनला बंद होते. ती भरण्यासाठी चित्रकलेचा तास वापरण्यास हरकत नाही.

एवढे करूनही मुले परीक्षेला बसतातच. कला संचालनालयाच्या रेखाकला परीक्षांना, म्हणजे एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, अजूनही कागद, पेन्सिल आणि खोडरबर लागते, आणि इंटरमिजिएटला ए श्रेणी आली तर दहावीला ७ गुण मिळत असल्याने पालक याबाबतीत हळवे असतात. तिथे टेबलावर कापड टाकून बादली, तांब्या, दोन वांगी मांडलेली असतात. रीलवर वाढलेले मूल प्रथम त्या वांग्यांकडे बराच वेळ बघते, ती आपण होऊन काही करत नाहीत हे लक्षात आल्यावर हात वर करून ‘सर, फोटो काढून त्यावरून काढू का?’ असे विचारते. नाही म्हणावे. मग ते नाइलाजाने बादलीच्या तोंडाचा लंबगोल काढते, तो चेपलेला येतो, खोडते, मान तिरकी करून पुन्हा बघते, पुन्हा काढते. या वर्तनात पर्यवेक्षकाने हस्तक्षेप करू नये. पेपर संपल्यावर टेबल आवरावे. बादली शाळेची, कापड बाईंचे. वांगी शिपाईमामांनी न्यायची की परत भाजीवाल्याला द्यायची, याबद्दल आजवर परिपत्रक निघालेले नाही.